राजाच्या डोक्यावरची भोकं

जळगावच्या सराफ बाजारात सोनं कसोटीवर घासून पाहतात. त्यावर कुठल्या राजाचा छाप आहे, याच्याशी सराफाला देणंघेणं नसतं. दोन हजार वर्षांपूर्वीही आपल्याकडं बहुधा असंच होतं.

जुन्या खानदेशात वाघोडा इथं रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचं सोन्याचं नाणं मिळाल्याची नोंद आहे. इ.स. 193 ते 211 हा त्याचा काळ. त्याचं सोन्याचं नाणं साधारण सव्वासात ग्रॅमचं, आपल्या जुन्या मापात साडेसात मासे. एका बाजूला दाढीवाला राजा, डोक्याला पानांचा मुकुट. दुसऱ्या बाजूला कधी विजयदेवता, तर कधी घरचीच माणसं: मधे राणी जूलिया डोम्ना, दोन्हीकडं मुलगे काराकाला आणि गेटा. बाप गेला त्याच वर्षी थोरल्यानं धाकट्याचा खून केला आणि राज्यभर त्याचं नाव खरवडून काढायला लावलं. सोन्यात मात्र दोघं भाऊ समोरासमोर राहिले ते राहिलेच.

हे सोनं इकडं आलं कसं? पहिल्या शतकातल्या एका निनावी ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, की भडोचच्या बंदरात रोमची सोन्याचांदीची नाणी देशी नाण्यांत बदलली की नफा होतो. तिथून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तापी ओलांडल्याशिवाय ही वाट पुरी होत नाही.

त्या काळी इथं राज्य करणाऱ्या सातवाहनांची नाणी शिशाची, तांब्याची, चांदीची. सोन्याचा भाव मात्र ठरलेला होता: नाशिकच्या पांडवलेण्यातला, शक क्षत्रपांचा जावई उषवदात याचा लेख एका सुवर्णाला 35 कार्षापण धरतो.

मला भुरळ पडते ती भोकांची. भारतात मिळालेल्या कित्येक रोमन सुवर्णनाण्यांना राजाच्या डोक्यावर दोन भोकं आहेत. दोरा ओवून गळ्यात घातलं, की चेहरा सरळ राहावा म्हणून! तिकडं तमिळनाडूत पुदुक्कोट्टैच्या 501 नाण्यांपैकी बहुतेकांवर राजाच्या तोंडावरच छिन्नीचा घाव. आणि ज्यांना सोनं परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी मराठवाड्यातल्या तेरला मातीची रोमन नाणी घडत, कडीसकट. पुढं व्हेनिसच्या नाण्यांवरून आपल्या पुतळ्यांची माळ आली. त्यावरचा ख्रिस्ती संत आणि त्याच्यापुढं गुडघे टेकलेला तिथला सत्ताधीश आपल्या बायकांनी राम-सीता म्हणून घातले.

एक सांगायचं राहिलं. नांगरताना असं काही लागलं, तर सराफाच्या मुशीत घालू नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.