पोलीस दप्तरातील नोंद आणि आपल्या मुलांची नोकरी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर असा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्याचे आयुष्य फौजदारी न्यायालयात वकिली करण्यात गेले, त्याने तो आपल्याच घरच्यांपुढे काढावयाचा नाही, तर कोठे?

एक हकीकत सांगतो. आपल्यापैकीच एका घरचा मुलगा मिरवणुकीतील मारामारीत सापडला. घरच्यांना त्या वेळी सल्ला मिळाला, "तारखांच्या खेपा कशाला? गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा." मुलाने तसे केले. पुढे सरकारी नोकरीसाठी त्याची निवड झाली. साक्षांकन नमुन्यात 'पूर्वी शिक्षा झाली आहे काय?' असा प्रश्न होता. वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून त्याने 'नाही' असे लिहिले. चारित्र्य पडताळणीत नोंद निघाली आणि नेमणूक रद्द झाली. तो पहिला सल्ला माझा होता, हे आज आपणांसमोर कबूल करतो.

दंड लहान असला तरी ती शिक्षाच असते. कबुलीवर शिक्षा झाली की अपिलाचे दारही बहुतांशी मिटते. शिक्षा किती व कायदेशीर की नाही, एवढेच विचारता येते. साध्या दुखापतीसारखे काही गुन्हे मात्र तडजोडीस पात्र असतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२० आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५९ यांप्रमाणे अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेइतकाच होतो. त्या मुलाच्या बाबतीत हाच मार्ग मोकळा होता.

खटला मुळातच खोटा असेल, तर तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात दाद मागता येते. दोष सिद्ध झालाच, तर वकिलाने १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाची आठवण न्यायालयास अवश्य द्यावी. योग्य प्रकरणी ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीचा बंधपत्र घेऊन सोडण्याची त्यात सोय आहे, आणि कलम १२ अन्वये शिक्षेमुळे येणारी अपात्रता अशा व्यक्तीस लागत नाही. तथापि दोष सिद्ध झाल्याची गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही, हे ध्यानात ठेवावे. अठरा वर्षांखालील मुलांस २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ चे अधिक संरक्षण आहे. त्यांची नोंद नष्ट करण्याचीही तरतूद आहे. सोळा वर्षांवरील मुलाचा घोर अपराध बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे चालविला असेल, तर मात्र हे संरक्षण नाही.

इंग्लंडात १९७४ च्या कायद्याने, ठराविक काळ सरळ वागणाऱ्याची जुनी शिक्षा बहुतेक कामांपुरती सरलेली मानतात. आपल्याकडे प्रौढांसाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही. म्हणून "पैसे द्या, नोंद पुसून देतो" असे कोणी म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

राहिला प्रश्न लपविण्याचा. २०१६ साली अवतार सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. क्षुल्लक गुन्हा असल्यास, लपविले तरी नेमणूक करणारा अधिकारी विवेकाने क्षमा करू शकतो. खरे सांगितले म्हणून नोकरी मिळेलच असेही नाही. तरी त्याचा विचार होण्यास जागा राहते. तेव्हा जे विचारले असेल त्याचे खरे उत्तर लिहावे आणि न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत जपून ठेवावी.

ज्ञातीस माझी दोनच मागणी आहेत. मंडळातील वकील बंधूंनी महिन्यातून एक सायंकाळ अशा कुटुंबांसाठी द्यावी. आरंभ मी करतो. आणि ज्यांची दुकाने, कारखाने आहेत त्यांनी, खरे सांगणाऱ्या मुलास केवळ एका जुन्या नोंदीमुळे परत पाठवू नये. त्याचे शिक्षण आपल्या शिष्यवृत्तीवर झाले असेल, तर त्याच्या पडत्या काळातही तो आपलाच आहे.