अद्भुत कथा वाचणारी कार्यकर्ती

(वाचक-मैत्रिणींच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

आज प्रत्येकीने आपलं आवडतं पुस्तक घेऊन यायचं असं ठरलं होतं. माझ्या आधी ज्या बोलल्या त्यांनी आत्मकथनं आणली, कायद्याची पुस्तकं आणली. माझ्या पिशवीतून मात्र जादूगार, भुयारं आणि उडत्या गाड्या निघणार आहेत. हसलात तरी चालेल. पण हे वाचन मी चळवळीतल्या मैत्रिणींपासून कित्येक वर्षं लपवून ठेवलं होतं, आणि का लपवलं, तेच आज बोलायचं आहे.

लहानपणी आमच्या घरी 'चांदोबा' यायचा तो भावासाठी. त्याचं वाचून झालं, आईची भांडी आवरून झाली, की मग माझा नंबर. त्यामुळे विक्रम आणि वेताळ मला नेहमी तेलाच्या डागांतूनच भेटले. पुढे गावच्या वाचनालयात 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' हाती लागल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात मराठीत आणलेलं हे पुस्तक. आमच्या प्रतीची मधली पानं फाटलेली होती. त्या गोष्टींचे शेवट मी धाकट्या बहिणीला स्वतः रचून सांगायची.

त्या पुस्तकातली मूळ गोष्ट मला फार उशिरा कळली. राजा रोज एक लग्न करतो आणि सकाळी त्या बायकोला मारतो. गावात मुली उरत नाहीत. तेव्हा वजिराची मुलगी आपण होऊन पुढे होते. मरायला नव्हे, हे थांबवायला. ती एकटी जात नाही, धाकट्या बहिणीला बरोबर नेते. ठरल्याप्रमाणे बहीण गोष्ट मागते, थोरली सांगते, आणि एकेक रात्र जीव वाचतो. तिचा स्वतःचा आणि उद्या जिचा नंबर लागला असता तिचाही. आपण कुठल्याही शिबिरात याहून वेगळं काय शिकवतो?

पण हे त्या वेळी सुचलं नाही. चळवळीत आल्यावर एका शिबिरात माझ्या उशाशी राक्षसाचं चित्र असलेलं पुस्तक एका ज्येष्ठ कार्यकर्तीने पाहिलं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "अगं, बाहेर एवढं पेटलंय आणि तू पऱ्यांत रमतेस?" मला शरम वाटली. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. हुंडाबळीच्या केसेस, परित्यक्तांचे मोर्चे, पोलीस चौकीच्या चकरा यांत दिवस संपत नव्हते. मी ती पुस्तकं ट्रंकेत टाकली.

ती पुन्हा बाहेर काढली त्याला कारण झाला एक फॉर्म. आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईकडून आम्ही एक फॉर्म भरून घ्यायचो. त्यात शेवटचा रकाना होता, 'आपली अपेक्षा काय?' नवरा काय करतो, सासू काय बोलते, दागिने कुणाकडे आहेत हे सगळं बायका घडाघडा सांगत. त्या रकान्यापाशी आल्या की गप्प. "त्यानं मारू नये, एवढंच." बरं, मारलं नाही, मग? "मग काय, चालायचंच." एक मावशी तर मला म्हणाल्या, "ताई, तुम्हीच लिहा काहीतरी बरंसं." त्या रात्री मला झोप लागली नाही. काय नको ते आम्ही बायकांना बोलायला शिकवलं होतं. काय हवं, हे मनात रंगवून पाहायची सवय ना त्यांना होती ना मला.

नेमक्या त्याच सुमारास रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज् ड्रीम', म्हणजे सुलतानाचं स्वप्न, ही छोटी कथा वाचनात आली. रुकैयांचा जन्म 1880 सालचा, आजच्या बांगलादेशातल्या रंगपूर भागातला. पडद्यात वाढलेली मुलगी, भावाकडून चोरून इंग्रजी शिकली. ही कथा तिने इंग्रजीत लिहिली आणि ती 1905 साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये छापून आली. पुढे 1911 मध्ये तिने कलकत्त्याला मुस्लिम मुलींची शाळा सुरू केली. म्हणजे स्वप्न पाहणारी बाई कामाला मागे नव्हती.

कथेत सुलतानाचा डोळा लागतो आणि ती पोहोचते बायकांच्या राज्यात. तिथे पुरुष 'मर्दान्या'त असतात, मुलं सांभाळतात, स्वयंपाक करतात. बायका शास्त्रज्ञ आहेत. सूर्याची उष्णता साठवून त्यावर स्वयंपाक होतो, त्यामुळे चुलीला धूर नाही. हवेतलं पाणी फुग्याला नळ्या जोडून खाली आणलेलं आहे. मुलीचं लग्न 21 वर्षांच्या आत नाही. लक्षात घ्या, लग्नाचं किमान वय ठरवणारा शारदा कायदा 1929 मध्ये आला आणि त्यानेही मुलीसाठी 14 च वर्षं धरली. शत्रू चालून येतो तेव्हा विद्यापीठातल्या मुली सूर्याचे किरण त्याच्यावर वळवतात आणि लढाई संपते. रस्त्यावरून जाताना सुलताना संकोचते, तेव्हा तिथल्या बायका तिला म्हणतात की तू अगदी पुरुषी दिसतेस. पुरुषी म्हणजे लाजरीबुजरी!

ही गोष्ट मी वस्तीतल्या आमच्या गटात मराठीत सांगितली. दहा-बारा जणी होत्या, मटार सोलायला घेऊन बसलेल्या. बिनधुराच्या चुलीपाशी सगळ्या थांबल्या. पुरुष दिवसाला बारा चिरूट ओढतात, एकाला अर्धा तास, म्हणजे सहा तास तिथेच गेले, हा हिशेब ऐकून तर एकीने तंबाखू मळत बसणाऱ्या आपल्या नवऱ्याचे तास मोजले. मग वाद पेटला. "बाप्यांना कोंडायचं म्हणजे आपणही तसंच वागायचं की!" एक तरुण मुलगी म्हणाली. त्यावर एक काकू म्हणाल्या, "एक दिवस कोंडून तर बघू. जन्मभर नको." तिसरी म्हणाली, "मला कुणाला कोंडायचं नाही, मला फक्त रात्री नऊ वाजता नळावर एकटीला जाता यायला हवं." ती हे बोलली आणि सगळ्या शांत झाल्या. फॉर्ममधल्या त्या रकान्याचं उत्तर असं गोष्टीच्या मागच्या दाराने आत आलं होतं.

दुसरी लेखिका अमेरिकन आहे, अर्सुला ले ग्विन. अर्थसी नावाच्या बेटांच्या जगावर तिने पुस्तकं लिहिली. पहिलं 1968 चं. त्यात जादूगारांची शाळा आहे आणि तिथे फक्त मुलगे शिकतात. दुसरं पुस्तक 1971 चं, 'द टूम्ब्स ऑफ अतुआन'. तेनार नावाच्या मुलीला लहानपणीच आईपासून तोडून देवस्थानाची पुजारीण केलं जातं आणि तिचं नाव काढून घेतलं जातं. अंधाऱ्या भुयारांचं ते राज्य तिचं म्हणे. वळणं मोजत, भिंत चाचपडत ती ते पाठ करते. वाचताना मला आपल्याकडे देवाला सोडलेल्या मुली आठवल्या, आणि लग्नात नाव बदललेल्या आपण सगळ्याही. पुढे एक जादूगार तिला तिचं खरं नाव परत देतो आणि दोघं मिळून बाहेर पडतात. पण बाहेर आल्यावर तेनार आनंदाने नाचत नाही, रडते. स्वातंत्र्याचं ओझं तिला पेलवत नाही. घर सोडून आपल्या केंद्रात आलेली बाई पहिल्या आठवड्यात का रडते, हे मला कुठल्या अहवालापेक्षा या पुस्तकाने जास्त समजावलं.

आणि मग या लेखिकेने एक धाडस केलं. 1990 साली ती त्याच जगात परतली, 'तेहानू' घेऊन. तेनार आता प्रौढ विधवा आहे, शेतावर राहते आणि जाळून टाकून दिलेल्या एका मुलीला सांभाळते. तो महान जादूगार आपली सगळी विद्या गमावून तिच्या घरी येतो. तेनारचा तरुण मुलगा जेवून उठतो तो आपलं ताट न धुताच, कारण ते बाईचं काम. तेनारचं म्हणणं, या स्वयंपाकघरात जो जेवतो त्याचं ते काम. जादूगारांच्या पुस्तकात उष्ट्या ताटावरून भांडण! आपणच रचलेल्या जगात बायकांना जागा नव्हती हे ओळखून एका लेखिकेने ते पुन्हा उकरून पाहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्या संघटनांनाही हे जमायला हवं.

आता एका आक्षेपाबद्दल. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या एका मैत्रिणीने मला खडसावून विचारलं, "आपण सातपुड्यात बाईला डाकीण ठरवण्याविरुद्ध लढतो, 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला त्यासाठी इतकी वर्षं गेली, आणि तू चेटकिणींच्या गोष्टी वाचून दाखवतेस?" प्रश्न गंभीर आहे. मला वाटतं, गोष्ट आपल्याला सांगते की मी गोष्ट आहे. भगत तसं सांगत नाही. पण एवढ्यावर सुटका होत नाही. आपल्या कितीतरी गोष्टींत चेटकीण म्हणजे म्हातारी, एकटी, गावाबाहेर राहणारी बाई. डाकीण ठरवतात तीही बऱ्याचदा अशीच, आणि पुष्कळदा तिच्या जमिनीवर कुणाचा तरी डोळा असतो. म्हणून मी आता गटात गोष्ट सांगून झाल्यावर विचारते, या चेटकिणीचं घर कुणाला हवं होतं? प्रश्न विचारला की बायका गोष्ट फिरवतात. एका गटात तर चेटकिणीने सातबारा काढून दाखवला!

शेवटी एक घरचीच गोष्ट. लेकीकडे निघालेली, वाघाला चकवणारी, भोपळ्यात बसून परत येणारी म्हातारी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आपण ती पोरांना झोपवायला सांगतो. आज जरा बाई म्हणून ऐका. म्हातारी जंगलातून एकटी प्रवास करते. वाघाला म्हणते, आत्ता मी हडकुळी आहे, लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होऊन येते. लेकीच्या घरी तिला पोटभर मिळतं, हेही लक्षात घ्या. आणि परतीची सोय असते भोपळ्याची. नवरा नाही, राजपुत्र नाही. दोन बायका आणि एक भोपळा!

तेव्हा माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी याल तेव्हा प्रत्येकीने एक अद्भुत गोष्ट आणा. पुस्तकातली, आजीकडून ऐकलेली, नाहीतर फाटलेल्या पानांपुढे स्वतः रचलेली. आपल्या केंद्रात तो फॉर्म अजून आहे, तो रकानाही आहे. आम्ही फक्त एक बदल केला. आधी एकच ओळ होती, आता अर्धं पान मोकळं सोडलं आहे.

जिंदाबाद!