वलवणची थंडी आणि नवी डे-लिली

वलवणच्या धरणाखालील परिसरात पावसाचा अंमल सरून थंडीचा अंमल सुरू झाला,
की पावसाळ्याच्या अखेरीस लावलेल्या डे-लिलीची खरी परीक्षा आरंभते.

या वनस्पतीला कांदा नसतो. मांसल मुळे असतात.
मुळे आणि पाने जिथे मिळतात, तो सांधा म्हणजे तिचा प्राण.
तो मातीखाली बोटाच्या एका पेराइतकाच असावा.

अतिशीत देशांत माती गोठून फुगते आणि नवे रोप वर उचलले जाते.
आपल्या मावळात ते संकट नाही;
इथे भय आहे ते आधी साचलेल्या पाण्याचे, आणि मग कोरड्या वाऱ्याचे.

म्हणून प्रथम वाफ्यातील पाण्याला वाट करून द्यावी,
मग इंद्रायणी भाताचा पेंढा चार बोटे जाड पसरावा,
परंतु तो सांध्याला खेटू देऊ नये. तिथे कूज लागते.

पाणी सकाळी द्यावे, तेही माती चाचपून.
नत्रयुक्त खत तूर्त तहकूब ठेवावे;
आधी मुळे धरू द्यावीत, पालवीची घाई नको.
काही जातींची पाने थंडीत पिवळी पडून वाळतात;
रोप मेले असे समजून ते उपटू नये.

पुन्हा सांगतो:
सांधा उथळ,
पाण्याला वाट,
आणि पेंढा जरासा दूर.