देणगीदारांची वही आणि संगणक
(वार्षिक सभेतील भाषण)



आपल्या यादीत एकच गृहस्थ शेख, शैख आणि शेक अशा तीन नावांनी नांदतात. रमजानमध्ये त्यांना तीन पत्रे जातात, पावती मात्र एकही नाही! म्हणून माझी शिफारस 'सिव्हीसीआरएम' या मुक्तस्रोत प्रणालीची आहे. सेवाभावी संस्थांसाठीच लिहिलेली ही प्रणाली २००५ पासून चालू आहे. परवान्याचे शुल्क नाही, आणि उद्या सोडायची झाल्यास सर्व नोंदी आपल्या हाती राहतात.

खरा प्रश्न जकातीचा आहे. ती ठरलेल्या हकदारांनाच पोचली पाहिजे. इमारत दुरुस्तीत मिसळली, तर देणाऱ्याला आपण काय उत्तर देणार? येथे जकात, सदका, इमारत निधी असे देणगीचे प्रकार आपणच ठरवून रक्कम आली त्याच क्षणी वेगळी नोंदवू शकतो.

दुबार नावेही प्रणाली दाखवते, पण नियम आपण घालायचे. नुसते आडनाव जुळवले तर अर्धा गाव एक होईल! मोबाईल नंबर जुळवावा. तोही बापलेकांचा एकच असतो, तेव्हा नोंदी एकत्र करण्यापूर्वी जाणत्या माणसाने पाहावे.

फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. सर्व्हरचे भाडे आणि देखभाल करणारा माणूस, दोन्ही लागतील. शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलांची नावे सर्वांना दिसू नयेत, यासाठी पाहण्याचे अधिकार प्रथमच वाटून द्यावेत.

तूर्त पन्नास नावे घालून महिनाभर पाहू. तोवर जुनी वही बंद करू नये.