गावाची ओढ आणि शहरातले समाधान
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे गावाचा. दहा मिनिटांत गाव बसायचे नाही, परंतु प्रयत्न करतो.

प्रथम एक गंमत. "मी काय अलिबागहून आलोय?" असे मुंबईत म्हणतात, म्हणजे मी काय वेडा आहे? हा अलिबागकरांचा अपमान आहे, यावर बंदी घाला, अशी याचिका थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. २०१९ साली न्यायालयाने ती फेटाळली. सांगायचे काय, तर मुंबईला अलिबाग म्हणजे खेडे. आणि म्हसळ्याकडच्या एका बौद्धवाडीतून एसटीच्या नोकरीसाठी मी पहिल्यांदा इथे उतरलो तेव्हा मला हे केवढे मोठे शहर वाटले होते! कोर्ट, कचेरी, दवाखाना, रात्री रस्त्यावर दिवे. मुंबईच्या पाहुण्यांना इथे आल्यावर गावाला आल्यासारखे वाटते, आणि आपण इथे बसून गावाची आठवण काढतो.

आता ती आठवण कसली, ते जरा बघू. मृगाचा पहिला पाऊस राब भाजलेल्या जमिनीवर पडला की जो वास सुटतो तो मला अजून झोपेत येतो. लावणीला वाकलेल्या बायांची ओळ. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून लावलेली पोपटी. इथे शहरातही हल्ली पोपटी विकत मिळते, खाल्लीही. पण शेताच्या बांधावर जाळाभोवती बसून, बोटे भाजून घेत खाल्लेली पोपटी ती निराळी. आमचा आजा अंगणात घोंगडीवर पडून आभाळाकडे बघत उद्या पाऊस येणार की नाही ते सांगायचा. बहुतेक वेळा चुकायचा. पण सांगायचा इतक्या खात्रीने, की आम्ही पोरे पाऊसच चुकला असे समजायचो.

हे सगळे खरे आहे. याची ओढ लागते यात लाजण्यासारखे काही नाही. कार्यकर्ते मंडळी कधी कधी म्हणतात, बाबासाहेबांनी खेडी सोडा सांगितले आणि तुम्ही कसली गावाची गाणी गाता? त्यांचे म्हणणे मला अर्धेच पटते.

बाबासाहेबांनी सांगितले हे खरेच. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी स्पष्ट सुनावले, की खेडे म्हणजे अज्ञानाची आणि संकुचितपणाची जागा आहे. ते काही पुस्तकात वाचून बोलत नव्हते. त्यांचे मूळ गाव आंबडवे, सावित्रीच्या पलीकडे मंडणगड तालुक्यात. आणि सावित्रीच्या अलीकडे महाडला काय झाले ते या हॉलमधल्या लहान पोरालाही पाठ आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळे खुले होते. पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले, आणि हात लावल्यावर लोकांची डोकी फुटली. पुढे तळ्यावरचा आपला हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल यावे लागले. दहा वर्षे! घोटभर पाण्यासाठी.

पण ती परिषद भरवायला कोण राबले? दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्यासारखी मुंबईत कामधंदा करणारी, चाळीत राहणारी मंडळी. म्हणजे जे शहरात गेले त्यांनीच गावाकडे मान वळवून बघितले. हे आपण विसरतो. चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला, इथून फार लांब नाही, आपल्याच तालुक्यात, १९३३ ते १९३९. नारायण नागू पाटील पुढे होते. बाबासाहेब त्या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचे बिल आणले. खेड्यावर ज्यांचा राग होता त्यांनी खेड्यातल्या माणसाला वाऱ्यावर सोडले नव्हते.

म्हणून मी म्हणतो, आपल्याला ओढ आहे ती कशाची ते नीट ओळखले पाहिजे. आमची वाडी गावाबाहेर, पऱ्ह्याच्या पलीकडे. ज्या आठवणी मी आता सांगितल्या त्या सगळ्या पऱ्ह्याच्या या बाजूच्या आहेत, आमच्या माणसांच्या. पऱ्ह्याच्या त्या बाजूच्या विहिरीची आठवण मला गोड लागत नाही. आई तिथे हंडा खाली ठेवून उभी राहायची, कोणीतरी वरून ओतील म्हणून. मला माती आठवते, पाऊस आठवतो, आजा आठवतो. गावकी आठवत नाही, आणि आठवली तर परत नको असे वाटते.

या बाबतीत बायकांचे डोके आपल्यापेक्षा साफ असते. रिटायर झाल्यावर मी घरी विषय काढला, आता गावाला जाऊन राहू, चार कलमे लावू. आमच्या घरच्या म्हणाल्या, "तुमी जा. मी नळ सोडून जायाची नाय." विषय संपला. मी पुरुषाच्या नजरेने गाव बघत होतो, ओटीवर बसून. त्यांनी ते डोक्यावर हंडा घेऊन, एप्रिल-मेच्या उन्हात बघितले होते. नळाची चावी फिरवली की पाणी येते आणि ते पाणी कोणाचे हे कोणी विचारत नाही, याची किंमत त्यांना विचारा.

शहरात सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. भाड्याने खोली बघायला जा, आडनाव विचारतातच, सरळ नाही विचारले तर "मूळचे कुठले?" असे आडवळणाने विचारतात. डबक्यातले मच्छर आहेत, महागाई आहे, शेजाऱ्याचा टीव्ही आहे. पण इथे मुलांना शाळा बदलता येते, खोली बदलता येते, मालक बदलता येतो. गावात काही बदलता येत नसे.

आपण दर रविवारी मंगल सुत्त म्हणतो. त्यात भगवंतांनी जी मंगले सांगितली त्यात योग्य ठिकाणी राहणे हे एक मंगल आहे, आणि पुढे संतुष्टी हेही आहे. दोन्ही एकाच सुत्तात. मला हे फार आवडते. आधी जागा नीट निवडा, मग तिथे समाधानाने राहा. नको त्या जागी मुकाट सोसत बसा, असे समाधान तथागतांनी सांगितलेले नाही. ते आपल्याला हजार वर्षे दुसऱ्यांनीच शिकवले. भगवंतांचा विहारसुद्धा बघा. श्रावस्तीचे जेतवन नगराबाहेर होते, पण भिक्षेला चालत जाता येईल इतके जवळ. झाडांची सावलीही हवी आणि माणसांची वस्तीही हवी. आपल्या या विहाराच्या मागे बदामाचे झाड ठेवले आहे, बांधकामाच्या वेळी तोडायचे चालले होते, ते ज्यांनी वाचवले त्यांचे मी या निमित्ताने आभार मानतो. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन चालू असते, बाहेर पाऊस त्या पानांवर वाजत असतो, तेव्हा माझी निम्मी गावाची तहान तिथेच भागते.

आता शेवटचे, आणि कामाचे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागले. आमच्या घराचे पत्रे गेले, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. त्यानंतर दलालांचे फोन वाढले. समुद्राजवळ, रस्त्याजवळ जमीन हवी आहे, मुंबईच्या साहेबाला बंगला बांधायचा आहे. ज्या वाडीत यायला लोक विटाळ मानत होते त्या वाडीला आता 'सी व्ह्यू' आला आहे! हसू येते, परंतु सावध राहा. पडीक जमीन काय करायची म्हणून घाईत अंगठा देऊ नका. ज्यांची महार वतनाची जमीन आहे ती १९५८ च्या कायद्याने वतन खालसा होऊन नवीन शर्तीवर परत मिळालेली आहे. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कोऱ्या कागदावर, मुखत्यारपत्रावर कोणी सह्या मागत असेल तर आधी विचारा. सातबाऱ्यावर वारस म्हणून बहिणींची नावे आहेत का तेही बघा. अनेकांच्या उताऱ्यावर आजाच अजून जिवंत आहे.

मी स्वतः जमीन विकलेली नाही, आणि गावाला राहायलाही जाणार नाही. पत्रे नवे टाकले आहेत. वर्षातून दोनदा जातो, कलमे बघतो, दोन रात्री राहतो, तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत. नातवंडे बरोबर येतात. त्यांना मी ती विहीरसुद्धा दाखवतो. आता तिथे सगळेच पाणी भरतात, पण ती कोणती विहीर होती हे त्यांना सांगून ठेवले आहे.

ज्यांना आपला उतारा वाचून घ्यायचा असेल त्यांनी पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर तो घेऊन यावा. आपल्यातले एक निवृत्त तलाठी येणार आहेत. फेरफारचे कागद असतील तर तेही आणा, झेरॉक्स चालेल.

नमो बुद्धाय. जयभीम.