बरा झालेला माणूस राहील कुठे?



आमचं पाचोड हे धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव. जटा वाढलेला, अंगावर चिंध्या गुंडाळलेला एखादा अनोळखी माणूस इथं अधूनमधून दिसतो. कुणी चहा देतं, पोरं खडे मारतात. 'वेडा आहे' म्हणून आपण पुढे निघतो.

पण या आजारावर उपचार आहेत. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्यानं १९८८ मध्ये मुंबईत 'श्रद्धा' ही संस्था सुरू केली. रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना बरं करून या संस्थेनं त्यांच्या घरी पोचवलं. डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता प्रश्न असा, की ज्याला घरच उरलं नाही, त्यानं जायचं कुठं?

काही वर्षांपूर्वी एक परिचित माझ्याकडे आले होते. त्यांच्या ओळखीचा एक माणूस रस्त्यावरून दवाखान्यात गेला आणि बरा झाला. पण भाऊ घरात घ्यायला तयार नव्हता. माझी मागची खोली रिकामी होती. 'भाडं आम्ही देऊ, गोळ्यांचंही बघू,' असं ते म्हणाले. मी 'घरात लेकरंबाळं आहेत' म्हणून नाही म्हटलं. पुढे कुठंच खोली मिळाली नाही. गोळ्या सुटल्या आणि तो पुन्हा रस्त्यावर आला.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, की केवळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. अशांसाठी सरकारनं 'हाफ वे होम', म्हणजे दवाखाना आणि घर यांच्या मधला निवारा, तसंच आधारासह राहण्याची सोय करावी, असंही त्यात आहे.

ही सोय कशी असते? चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेनं २०१५ मध्ये 'होम अगेन' हा उपक्रम सुरू केला. साध्या वस्तीत घर भाड्यानं घ्यायचं. चार-पाच जणांनी एकत्र राहायचं आणि मदतीला एक कार्यकर्ती. भाजी आणणं, स्वयंपाक करणं, पैसे मोजणं, शेजाऱ्याशी बोलणं या वॉर्डात सुटलेल्या सवयी तिथं पुन्हा लागतात. गोळी वेळेवर घेतली जाते. तब्येत बिघडू लागली, तर लगेच कुणाच्या तरी लक्षात येतं.

डॉक्टर औषध देतील, सरकार पैसा देईल, तो दिलाच पाहिजे. पण घर गल्लीतच लागतं आणि गल्ली तुमची-माझी असते.

माझी मागची खोली अजून आहे. आता कुणी विचारायला आलं, तर मी आधी त्या माणसाचं नाव विचारीन, त्याला चहाला बोलावीन. नकार देण्याआधी एवढं तरी तेव्हा करायला हवं होतं.