घराच्या छपराचा रंग

अमेरिकन मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन याने 1761 साली लिहिलेल्या एका पत्रात आपल्या एका साध्या प्रयोगाची हकीकत दिली आहे. शिंप्याकडील नमुन्यांतून त्याने निरनिराळ्या रंगांच्या लोकरी कापडाचे लहान तुकडे घेतले आणि लख्ख उन्हाच्या एका सकाळी ते बर्फावर पसरून ठेवले. काही तासांनी पाहतो तो काळा तुकडा बर्फात सर्वांत खोल रुतलेला, गडद निळा जवळजवळ तितकाच, फिके रंग त्याहून वर, आणि पांढरा तुकडा ठेवला तसाच पृष्ठभागावर! उष्ण देशांत काळे कपडे वापरणे शहाणपणाचे नाही, असा निष्कर्ष त्याने यातून काढला. हाच नियम घराच्या छपरालाही लागू आहे. तथापि छपराचा रंग निवडताना फ्रँकलिनच्या देशबांधवांनाच त्याचा पुष्कळदा विसर पडतो.

अमेरिकेतील बहुसंख्य घरांची छपरे उतरती असतात आणि त्यांवर शिंगल नावाच्या डांबरी पट्ट्या, माशाच्या खवल्यांप्रमाणे एकीवर एक चढवून, खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे छपरे घालण्याचा व्यवसाय करणाऱ्या हेन्री रेनल्ड्स याने 1903 च्या सुमारास डांबर चढवलेल्या जाड कापडाच्या गुंडाळ्या कापून अशा पट्ट्या केल्या, आणि पुढे त्यांचा प्रसार देशभर झाला. पट्टीचे पोट डांबराचे, पण पाठीवर बारीक दगडी कणांचा थर असतो. छपराला रंग येतो तो या कणांचा.

असे छप्पर साधारणपणे पंधरा-वीस वर्षांनी बदलावे लागते. तेव्हा घरधन्यापुढे नमुन्यांची फळी येते, आणि त्याचा हात बहुधा काळ्या, कोळशासारख्या किंवा गडद तपकिरी रंगाकडे जातो. त्याला कारणेही आहेत. गडद छपराखाली फिकट भिंती खुलून दिसतात. दमट हवेत शेवाळाचे जे काळे ओघळ उतरतात ते गडद रंगात लपून जातात. शेजारची घरे तशीच असतात, आणि कित्येक वसाहतींच्या नियमावलीत कोणते रंग चालतील हेही ठरवून दिलेले असते. मात्र ही सर्व कारणे रस्त्यावरून घराकडे पाहणाऱ्याची आहेत. छपराखाली राहणाऱ्याचे त्यांत एकही नाही.

छपराखाली काय घडते ते पाहू गेल्यास हिशेब वेगळाच निघतो. साधी काळी शिंगल अंगावर पडलेल्या सूर्यशक्तीपैकी जेमतेम 5 टक्के परत फेकते, बाकीची पोटात घेते. उन्हाळ्याच्या भर दुपारी असे छप्पर 65 अंश सेल्सिअसच्याही वर तापते. ती धग पोटमाळ्यात आणि तेथून खालच्या खोल्यांत उतरते. पांढरी म्हणून विकली जाणारी साधी शिंगलदेखील 25 टक्क्यांच्या आसपासच परत फेकते, कारण तिचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि कणांच्या फटींतून खालचे डांबर डोकावत असते. याउलट, गुळगुळीत गच्चीला नुकताच दिलेला पांढरा लेप 80 टक्क्यांपर्यंत ऊन परतवू शकतो.

मग गडद छप्पर सर्वत्रच त्याज्य म्हणावे काय? तसे नाही. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात शाळेच्या पाटीचा जो दगड, त्याच दगडाची करडी-निळसर छपरे पिढ्यान् पिढ्या घातली गेली. धर्मशाळेजवळ खनियारा येथे त्याच्या खाणी होत्या. हाताशी होता तोच दगड लोकांनी डोक्यावर घेतला, आणि थंडीच्या दिवसांत त्याचा गडद रंग कोणाला जाचला नाही. तथापि थंड प्रदेशातही गडद रंगाचा लाभ वाटतो तेवढा नसतो. हिवाळ्यात दिवस लहान असतो, सूर्य तिरपा असतो, आणि बर्फ साचले म्हणजे काळे छप्परही वरून पांढरेच होते. शिवाय माळ्यावर उष्णता अडविणारा जाड थर असला आणि तेथील तापलेल्या हवेला बाहेर जाण्यास वाट ठेवली, तर रंगाचे महत्त्व पुष्कळच कमी होते.

या बाबतीत विज्ञानाने एक मौजेची वाटही काढली आहे. सूर्याकडून येणाऱ्या शक्तीचा जवळजवळ निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. दिसणारा प्रकाश शोषून घेणारे, पण अवरक्त किरण परत फेकणारे रंग रसायनशास्त्रज्ञांनी तयार केले आहेत. अशा रंगाच्या कणांची शिंगल साध्या गडद शिंगलीशेजारी ठेवली तर डोळ्याला दोघी सारख्याच दिसतात. सूर्याला मात्र त्या सारख्या नसतात. ज्याला गडद रंगाचा मोह आवरत नाही, त्याने निदान कोणती शिंगल किती ऊन परतवते, एवढे तरी विचारून घ्यावे.

परंतु असे विचारण्याची संधी सर्वांना मिळत नाही. जुलै 1995 मध्ये शिकागो शहरात उष्णतेची लाट आली आणि काही दिवसांत सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत एकाकी वृद्धांचा भरणा मोठा होता. इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धोका अधिक होता, असे मागाहून झालेल्या पाहणीत आढळले. डोक्यावरच्या छपराचा रंग या माणसांना कोणी विचारला नव्हता. आपल्याकडे अहमदाबादमध्ये मे 2010 च्या लाटेत नेहमीपेक्षा 1,300 हून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर 2013 साली त्या शहराने उष्णतेला तोंड देण्याची योजना आखली, आणि 2017 पासून गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा लेप देण्याचा उपक्रम तिला जोडला. तेलंगण राज्याने 2023 मध्ये थंड छपरांविषयी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. या उपायाला खर्च फारसा नाही. चुन्याची बादली, कुंचला आणि एका दिवसाची मेहनत एवढ्यावर पत्र्याखालची किंवा गच्चीखालची खोली काही अंशांनी निवते. धुळीने लेप मळतो, म्हणून तो अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो, एवढेच.

भिंतीचा रंग नापसंत झाला तर दिवाळीत बदलता येतो. छपराचा रंग मात्र वर्षानुवर्षे सोबत करतो, आणि घरात सर्वांत जास्त वेळ असणाऱ्यांना, म्हणजे गृहिणींना, तान्ह्या मुलांना आणि आजारी वृद्धांना, त्याचे बरेवाईट फळ रोज भोगावे लागते. म्हणून घरधन्याने नमुना हातात घेऊन रस्त्यावरून घराकडे जरूर पाहावे, पण निर्णय करण्यापूर्वी वैशाखातील एखाद्या दुपारी त्याच घराच्या वरच्या खोलीत घटकाभर बसूनही पाहावे.